शेजारी शेजारी दोन जागा

बुद्धरत्न साळवींनी अंदमानच्या सहलीचा बेत आखला तो थेट एसटीच्या वेळापत्रकासारखा. घरात पडलेले पाठकोरे कागद घेतले, पट्टीने रेघा ओढल्या आणि रकाने पाडले: तारीख, कुठून, कुठे, सुटणार, पोहोचणार, मुक्काम, तिकीट. तेवीस दिवसांच्या तेवीस ओळी. सतरा जानेवारीला सकाळी सहाला पोलादपूर स्टँडवरून निघायचं आणि आठ फेब्रुवारीला संध्याकाळी त्याच स्टँडवर उतरायचं. मधे विमान, पाच बोटी, चार बेटं, आणि अंदमानची सरकारी बस. ती पोर्ट ब्लेअरहून पहाटे सुटते आणि जंगलातून, खाड्या ओलांडत दिवसभर उत्तरेकडे जाते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि खरं सांगायचं तर निम्मी सहल त्या बससाठीच होती. समुद्रात डुंबायला त्यांनी रोज पंचेचाळीस मिनिटं दिली होती. त्याहून जास्त वेळ माणूस पाण्यात काय करतो, ते त्यांना सुचलं नव्हतं.

साळवी तेहतीस वर्षं महाड आगारात कंडक्टर होते. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते, तरी अंगणात उभे राहिले की त्यांचे पाय अजून वळणावर तोल सांभाळल्यासारखे फाकलेले असत. उमरठच्या रस्त्याला लागून असलेल्या बौद्धवाडीत त्यांचं घर. नोकरीतली बरीच वर्षं गेली आंबेनळी घाटात, महाबळेश्वरच्या गाडीवर. टोप्या घातलेली, गॉगल लावलेली माणसं त्यांनी हजारोंनी वर नेऊन सोडली. स्वतः मात्र स्टँडच्या पलीकडे कधी गेले नाहीत, कारण अर्ध्या तासात गाडी परत फिरायची. अशाच एका फेरीत कुणीतरी सीटवर अंदमानचा घडीचा नकाशा विसरून गेलं. साळवींनी तो आगारात रीतसर जमा केला. सहा महिने कुणी न्यायला आलं नाही, तेव्हा तिथल्या कारकुनाने तो त्यांच्याच हातात ठेवला. नकाशा घरी आला, भिंतीवर लागला आणि अकरा वर्षं तिथेच राहिला.

शेजारच्या भिकाजीला हे खूळ मुळीच पटलं नव्हतं.

"समुद्रच बघायचा तर हरिहरेश्वर हाय की," तो म्हणाला. "सकाळी जायचं, संध्याकाळी घरी."

"हरिहरेश्वरला मी किती वेळा गेलो त्याची गणती नाय. पण पाण्याला पाय लावला नाय कधी. गाडी लावायची, सही घ्यायची, गाडी काढायची."

"मंग आता लाव पाय. त्यापायी तीन आठवडे कशाला पायजेत?"

 भिकाजीला काय कळणार म्हणून साळवींनी तो विषय तिथेच मिटवला.

खरी लढाई घरातली होती. शर्मिलाबाई अंगणवाडी सेविका. सलग तीन आठवड्यांची रजा त्यांनी उभ्या जन्मात घेतली नव्हती. अर्ज, परत अर्ज, पर्यवेक्षिकाबाईंच्या मिनतवाऱ्या, मदतनीस तुळसाला सगळी रजिस्टरं शिकवणं, यात दोन महिने गेले आणि रजा मंजूर झाली ती नेमक्या याच तारखांना. त्या मागेपुढे होणार नव्हत्या. आणि एवढं सगळं होण्याआधी त्यांनी नवऱ्याला एक अट घातली होती.

"मी येन," त्या म्हणाल्या होत्या. "पण सगळीकडं शेजारी शेजारी दोन जागा पायजेत. इमानात, बोटीत, सगळीकडं. मी उभी नाय ऱ्हायची आनि एकटीबी नाय बसायची. एवढं जमत आसल तर सांगा, नायतर मी हाय ती बरी हाय."

साळवी हो म्हणाले. त्यात काय मोठं, असं त्यांना वाटलं. पण ही अट कुठून आली ते त्यांना चांगलं ठाऊक होतं आणि म्हणूनच त्यांनी काही विचारलं नाही.

लग्नानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीची गोष्ट. शर्मिलाबाईंचं माहेर शिवथरच्या खोऱ्यात. महाड-शिवथर गाडीवर साळवींची ड्युटी, आणि बायको त्याच गाडीने माहेरी निघालेली, कडेवर दीड वर्षाची प्रियदर्शिनी. बसायला जागा मिळाली होती. बिरवाडीला गाडी भरली, एक म्हातारा चढला आणि दांडी धरून उभा राहिला. साळवींच्या मनात आलं, माझी बायको बसलेली आणि म्हातारा उभा, लोक काय म्हणतील? ते तिकीट देत देत तिच्यापाशी आले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, उठा. म्हाताऱ्या माणसाला बसू द्या." जशी काही कुणी परकीच. शर्मिलाबाई मुलीला घेऊन उठल्या आणि शेवटच्या थांब्यापर्यंत उभ्या राहिल्या.  त्यानंतर मात्र नवऱ्याच्या गाडीत त्या कधी बसल्याच नाहीत, गाडी रिकामी असली तरी. आगारात साळवींचं नाव झालं, घरच्यांनाही सवलत न देणारा माणूस म्हणून. या नावाचा त्यांना पुष्कळ वर्षं अभिमान होता.

चार जानेवारीला, रविवारी, प्रियदर्शिनी पनवेलहून आली. ती तिथल्या एका दवाखान्यात परिचारिका. विमानाची आणि खोल्यांची व्यवस्था तिने मोबाईलवरून केली होती. बोटींचं विचारलं तेव्हा बाबांनी तिला झटकून टाकलं होतं, वाहतुकीचं माझ्यावर सोड म्हणून. आई अंगणवाडीच्या कामासाठी तुळसाच्या घरी गेली होती. प्रियाने चहा घेता घेता तो रकान्यांचा कागद पुढे ओढला.

"बाबा, बोटींच्या पाचही ओळींत तिकिटाच्या जागी 'गाडीत' असं का लिहिलंय?"

"गाडीत म्हणजे चढल्यावर काढायचं. बोटीत."

प्रियाने कप खाली ठेवला. "बोटीत चढल्यावर तिकीट नाही मिळत, बाबा."

"मिळतं गो. सरकारी बोट हाय ती."

"सरकारी असली तरी. तिकीट आधी काढावं लागतं. ते आणि ओळखपत्र बघितल्याशिवाय धक्क्यावर आत सोडत नाहीत. आणि हा ऐन हंगाम आहे, बोटी आधीच भरतात."

साळवींना हे अक्षरशः कळेना. तेहतीस वर्षं त्यांनी माणसं आधी आत घेतली होती आणि तिकीट मग फाडलं होतं. पावसात रस्त्याकडेला हात केलेला माणूस त्यांनी कधी खाली ठेवला नाही. जागा नसली तर सरकून करायची, नाही झाली तर माणूस उभा जाईल, पण जाईल. सरकारी वाहन जागा नाही म्हणून कुणाला मागे टाकून सुटतं, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात शिरायला तयार नव्हती. ती शिरली तेव्हा ते म्हणाले, "बघ मंग आत्ताच."

प्रिया मोबाईल घेऊन बसली. चार बोटींत दोन-दोन जागा शेजारी मिळाल्या. पाचवी, म्हणजे खरं तर पहिलीच, एकोणीस तारखेची पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक बेटाला जाणारी. त्या दिवशीच्या सगळ्या बोटी भरलेल्या. एकीत दोनच जागा शिल्लक होत्या, एक तिसऱ्या रांगेत आणि एक चौदाव्या.

"घेऊन टाकते," प्रिया म्हणाली. "दोन-अडीच तासांचा तर प्रवास. वेगळं बसलात म्हणून काय बिघडलं?"

"नको."

"का?"

का ते लेकीला सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. "थांब दोन दिवस. ऐन वेळी माणसं येत नाहीत. जागा सुटतात. आमच्याकडं रोज सुटायच्या. आईला आत्ता काही बोलू नको."

प्रियाने मोबाईल बाजूला ठेवला. संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली.

दुसऱ्या दिवसापासून साळवी रोज सकाळी दूध आणायच्या निमित्ताने पोलादपूरच्या बाजारात जाऊ लागले. तिथे समीक्षाचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. दाखल्यांसाठी आलेली माणसं बाकावर बसलेली असत, त्यांच्या शेवटी साळवी नंबर लावून बसत. नंबर आला की समीक्षा न विचारताच एकोणीस तारीख काढून दाखवी. सोमवारी त्या दोन जागा होत्या, तिसरी रांग आणि चौदावी. मंगळवारीही होत्या. बुधवारी पडदा उघडला तर एकही जागा नव्हती.

"काका, गेल्या," समीक्षा म्हणाली.

साळवी तिथे पाच मिनिटं तसेच बसून राहिले. मागच्या माणसाने उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खाकरून बघितलं तेव्हा उठले.

आणि घरी शर्मिलाबाई खुलत चालल्या होत्या. हे त्यांना सगळ्यात जड जाऊ लागलं. ज्या बाईने नकाशाकडे अकरा वर्षांत कधी मान वर करून बघितलं नाही, ती आता केर काढता काढता थांबून त्यावर बोट फिरवी. चवदार तळ्याजवळच्या दुकानातून तिने वाळूत चालायच्या चपला आणल्या, एक जोड स्वतःला आणि एक नवऱ्याला. अंगणवाडीतल्या पोरांनी बाईंसाठी माशांची चित्रं काढली, कुणाच्या माशाला पाय होते. एके सकाळी पडवीतल्या बाकावर बसून तिने शेजारची फळी हाताने थोपटली.

"इथं तुम्ही, इथं मी," ती म्हणाली. "खिडकी माझी. सांगून ठेवते."

साळवी बसले खरे, पण त्यांचा चहा कपात तसाच निवत गेला. आताच सांगून टाकावं असं दोनदा मनात आलं. अजून जागा सुटतील, म्हणून दोनदा त्यांनी तोंड मिटलं. खोटं त्यांनी नोकरीत कधी खपवून घेतलं नव्हतं, आणि आता तेच रोज दूध घेऊन घरात शिरत होतं.

चौदा तारखेला दुपारी शर्मिलाबाईंनी खुंटीवरची पिशवी खाली काढली. एकवीस सालच्या पावसाळ्यात तळीये गाव दरडीखाली गेल्याची बातमी आली तेव्हापासून त्या घरातले सगळे कागद प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत घालून दाराजवळ टांगून ठेवत. डोंगराने आवाज केलाच तर पिशवी उचलायची आणि निघायचं. वाडीत आता बहुतेक घरांत तशी पिशवी होती. सहलीचे कागदही त्यातच जायचे होते.

"द्या सगळी तिकिटं," त्या म्हणाल्या.

साळवींनी दिली. त्यांनी एकेक उलगडून बघितलं, विमानाचं जायचं, विमानाचं यायचं, खोल्यांचे कागद, बोटी. मग त्यांनी रकान्यांचा कागद शेजारी ठेवला आणि बोट लावून ओळी जुळवल्या. रोज पोरांची हजेरी घेणारी बाई, तिच्या नजरेतून गैरहजर सुटायचा नाही.

"एकोणीस तारखेचं कुठाय?"

"ते... चढल्यावर काढायचं."

"बाकी चार आधी काढलीत. हेच चढल्यावर?"

साळवींनी मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. 'गाडीत' लिहिलेलं, तिसरी रांग, चौदावी रांग, समीक्षाचं दुकान, रोजचं दूध.  सांगून झाल्यावर शर्मिलाबाई उठल्या, भरून ठेवलेल्या बॅगेची चेन उघडली आणि आपल्या साड्या एकेक करून बाहेर काढू लागल्या. नव्या चपला त्यांनी कागदात गुंडाळून फळीवर ठेवल्या.

"शर्मिला, असं नको करू."

"येका जागंचं सोडा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आठ-दहा दिस तुम्ही मला बाकावर बसवून घेतलंत. मी खिडकी माझी म्हन्ते आनि तुम्ही हूं म्हन्ता. बिरवाडीला तुम्ही मला उठवलंत तेव्हा निदान तोंडावर सांगून उठवलंत. आवंदा ते पन नाय." मग त्यांनी बॅगेची चेन ओढून बंद केली. "त्या दिशी मला उभं ऱ्हायचं काय वाटलं नाय. तुम्ही मला बाई म्हनलात, त्याचं वाटलं. सगळ्या गाडीनं बघितलं, की मी तुमची कोन नाय."

तीस वर्षांत त्या हे पहिल्यांदा बोलत होत्या. साळवी दारात उभे होते, आत यावं की बाहेर जावं हे त्यांना कळत नव्हतं. लाज वाटली, पण लाजेपेक्षाही भीती जास्त वाटली. या बाईने एकदा हो म्हटलं होतं. ती परत म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी समीक्षाचं दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर बसले होते. आज त्यांनी एकोणीस तारीख मागितली नाही.

"कुठलीही तारीख चालंल," ते म्हणाले. "पण शेजारी शेजारी."

वीस तारखेला जागा होत्या, पण लांब लांब. एकवीसला एकच. बावीसला काही नाही. तेवीसला सकाळच्या बोटीत दोन मिळाल्या, एकीच्या बाजूला खिडकी. समीक्षा म्हणाली, "काका, पण चार दिवस पोर्ट ब्लेअरलाच अडकाल. पुढचं सगळं घसरेल. बाकी चार बोटींना चार-चार दिवस पुढे शेजारच्या जागा आहेत, पण तेवढे दिवस कुठून आणणार?"

साळवींनी खिशातला कागद काढून मांडीवर पसरला. एक दिवस सरकवला तर दुसरा अंगावर येत होता. परतीचं विमान हलणार नव्हतं. चार दिवस कुठूनतरी कापायला हवे होते, आणि कापण्याजोगे चार दिवस एकाच जागी होते. उत्तरेची सरकारी बस, तिकडचा मुक्काम, परतीची बस. ती अडकलेल्या दिवसांत बसवावी, तर परतीची बस रात्री किती वाजता पोहोचेल याचा भरवसा नव्हता, आणि तेवीसची सकाळची बोट चुकवून चालणार नव्हतं. ते त्या ओळींकडे बघत राहिले. मग समीक्षाकडून पट्टी आणि पेन मागून घेतलं आणि चारही ओळींवर सरळ रेघ मारली.

"पाचही काढ," ते म्हणाले. "खोल्यांचं प्रिया बघेल."

ते घरी गेले नाहीत. थेट अंगणवाडीत गेले. पोरं ओळीने खिचडीला बसली होती, तुळसा वाढत होती, शर्मिलाबाई चुलीपाशी होत्या. दोन आयाही मुलांना सोडायला आलेल्या, अजून दारातच बोलत उभ्या. साळवी दाराशी थांबले. तिकीट द्यायचं नि निघायचं, असं ठरवून आले होते, पण एवढी माणसं बघून त्यांना वाटलं, हीच जागा बरोबर आहे.

"शर्मिला," ते म्हणाले, आणि त्यांचा गाडीतला मोठा आवाज आपसूक लागला. "बिरवाडीला तुला उठवायला नको होतं. बाई म्हणायला तर नकोच होतं. माझं चुकलं. आणि हे दहा दिवस लपवलं, ते पन चुकलं."

तुळसाचा डाव हवेतच राहिला. पोरं आधी साळवींकडे, मग बाईंकडे बघू लागली. शर्मिलाबाईंनी पदराला हात पुसले, तिकीट घेतलं आणि दोन्ही आकडे वाचले. एकापुढचा एक. मग त्यांनी त्याखालचा रकान्यांचा कागद बघितला, चार रेघा बघितल्या.

"आनि तुमची बस?"

"ऱ्हायली."

 शर्मिलाबाईंनी तिकिटाची घडी केली, ब्लाउजमध्ये ठेवली. "बाजूला व्हा," त्या म्हणाल्या, "खिचडी लागतेय." पण संध्याकाळी साळवी घरी पोहोचले तेव्हा फळीवर चपला नव्हत्या.

सतरा तारखेला सकाळी सहाला पोलादपूर स्टँडवरून मुंबईची गाडी सुटली. साळवींनी आयुष्यात पहिल्यांदा एसटीचं आरक्षण केलं होतं, दोन जागा, शेजारी शेजारी. शर्मिलाबाई खिडकीशी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. कंडक्टर चांगू, साळवींच्या हाताखाली तयार झालेला. त्याने तिकीट बघितलं, हसला आणि पुढे गेला.

महाडला गाडी भरली. शेवटी एक म्हातारा चढला, काटकुळा, हातात कापडी पिशवी. सगळ्या गाडीत नजर टाकून तो नेमका साळवींच्या सीटपाशी येऊन दांडी धरून उभा राहिला.

साळवींचे गुडघे आपोआप हलले. तेहतीस वर्षांची सवय, ती विचारून येत नाही. शेजारी शर्मिलाबाईंनी खिडकीबाहेर तोंड केलं होतं, पण पिशवीवरची त्यांची बोटं घट्ट झालेली त्यांना दिसली. उठलो तर ती एकटी, न उठलो तर म्हातारा उभा. त्यांनी पुढच्या सीटची नळी धरली आणि बसून राहिले.  चांगू मागून येताना त्यांच्याकडे बघून गेल्यासारखं वाटलं. लोणेरे आलं, गेलं. प्रत्येक वळणाला म्हाताऱ्याची पिशवी साळवींच्या खांद्याला लागत होती आणि दर वेळी ते नळी जास्त घट्ट धरत होते. म्हाताऱ्याने तक्रार केली असती तर बरं झालं असतं, पण तो मुकाट्याने उभा होता.

माणगावच्या अलीकडे शर्मिलाबाईंनी मान वळवली. आधी नवऱ्याच्या हाताकडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे.

"सरका," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सरका हिकडं. तेहतीस वर्षं दुनियेला सांगितलंत सरका म्हनून, सोताला येत नाय काय?" आणि त्या स्वतः खिडकीला चिकटून बसल्या. "बाबा, बसा तुम्ही कडंला. तिघं मावतो."

साळवी सरकले. म्हातारा टेकला. दोघांच्या जागेत तिघं, साळवी मधे, एक खांदा परक्याचा आणि एक बायकोचा. इतक्या वर्षांत एसटीत ते तिच्या इतके जवळ कधी बसले नव्हते. त्यांनी नळीवरचा हात काढला आणि पिशवीवर, तिच्या हाताशेजारी ठेवला. तिने तो तसाच राहू दिला. पनवेल यायला अजून अडीच तास होते.